क्लच घरच्या अंगणात बदलावा काय?

मुरबाड-शहापूरकडचा व्यापार चाकावर चालतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. शहापूरला निदान आसनगावचे स्टेशन जवळ आहे. मुरबाडला रेल्वे येणार ही चर्चा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो, पण माल आजही रस्त्यानेच येतो. भिवंडीहून ताग्यांची गाठ उचलायची, कल्याणमार्गे मुरबाडला आणायची, तिथून सरळगाव, टोकावडे, धसई, किन्हवली अशा बाजारांना न्यायची. पौष पौर्णिमेला म्हसाची यात्रा भरली की घोंगड्या, चादरी आणि तयार कपडे घेऊन तिथे दुकान मांडायचे. या सगळ्या धावपळीत दुकानदाराचा खरा भागीदार म्हणजे त्याची गाडी. आणि त्या भागीदाराचा सर्वांत आधी थकणारा अवयव म्हणजे क्लच.

कल्याण-अहिल्यानगर महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी २२२ होता आणि आता ६१ आहे, तो मुरबाडवरून माळशेज घाटात चढतो. शहापूरकडून नाशिकला जाणाऱ्याला कसारा घाट आहे. भरलेली गाडी घाटात अर्ध्या क्लचवर धरून ठेवणे, बाजाराच्या गर्दीत दर दोन पावलांवर क्लच दाबणे, आणि सरळ रस्त्यावरही पाय पेडलवरच ठेवून देणे, या तीन सवयींनी क्लच प्लेट वेळेआधी झिजते. मग गॅरेजचा प्रश्न येतो. आमच्या व्यापारी बंधूंमध्ये यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, गिअरबॉक्स उतरवणे हे मिस्त्रीचे काम, शेठने गादीवर बसावे. दुसरा पक्ष म्हणतो, चार पाने घरात असतील तर मजुरी कशाला द्यायची. आमचे मत या दोघांच्या मधले आहे, आणि ते का, हे सविस्तर सांगणे आम्हांस गरजेचे वाटते.

हिशेब फक्त मजुरीचा नाही

क्लच बदलण्याच्या खर्चाचे चार भाग असतात: सुटे भाग, मजुरी, बंद पडलेली गाडी ओढून नेण्याचा खर्च आणि बुडालेला बाजार. आपले लोक दुसऱ्या भागावर भांडतात आणि चौथा विसरतात. आठवडे बाजार वर्षातून बावन्न वेळा येतो. ईदच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांतला एक बाजार बुडाला तर जे नुकसान होते, ते कोणत्याही मिस्त्रीच्या मजुरीपेक्षा मोठे असते. म्हणून पहिली गोष्ट ही की, क्लच कोण बदलणार यापेक्षा तो केव्हा बदलणार, हे आपल्या हातात असले पाहिजे. त्यासाठी दुखणे आधी ओळखता आले पाहिजे.

ते ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. घाटात इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर प्लेट घसरते आहे. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढावा, ब्रेकवर पाय ठेवावा, चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेटमध्ये पकड आहे. इंजिन चालूच राहिले तर पकड गेली. मात्र ही परीक्षा पुन्हा पुन्हा करू नये, कारण प्रत्येक वेळी प्लेट तापते. पेडल दाबल्यावर घरघर वाढत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

आणि हे सगळे होऊनही गिअरबॉक्सला हात लावण्याआधी केबल पाहावी. पेडलला थोडा मोकळा खेळ असावा लागतो. तो किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. केबल ताणून हा खेळ संपला असेल तर चांगली प्लेटही घसरते. केबल फार सैल असेल तर क्लच सुटत नाही. केवळ एक नट फिरवून मिटणारे दुखणे कित्येकदा पूर्ण क्लचच्या बिलापर्यंत जाते. कल्याणच्या एका गॅरेजमध्ये आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याला नवी प्लेट बसवून दिली आणि बेअरिंग जुनेच ठेवले. काही महिन्यांत तेच बेअरिंग ओरडू लागले आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. ज्याला काम ठाऊक असते, तो गाडी सोडतानाच सांगतो की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. सामान थोडे महाग पडते, पण मजुरी एकदाच जाते.

कोणती गाडी, कोणती नाही

आमच्या भागात व्यापाऱ्याची खरी सोबतीण ठरली ती मारुतीची व्हॅन. १९८४ साली ती आली, पुढे ओम्नी नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे काम २०१० मध्ये आलेल्या ईकोने उचलले. या गाड्यांमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली उभे बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांना फिरवतो. सीट उचलली की इंजिन हाताशी येते आणि गिअरबॉक्स खालून मागे सरकवून काढता येतो. अशी गाडी घरी करण्यासारखी आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे असते आणि पुढची चाके ओढतात. तिथे दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो. काम होते, पण कटकट दुप्पट.

नव्या डिझेल गाड्यांमध्ये दुहेरी वजनाचे फ्लायव्हील असते, काहींत झीज आपोआप भरून काढणारा क्लच असतो, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत क्लच बसवल्यावर संगणकाने तिचे माप पुन्हा जुळवावे लागते. अशा गाडीखाली घरच्या पान्यांनी शिरणे म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही वाया घालवणे होय.

हत्याराची जागा अक्कल घेते

खास हत्यारे नाहीत म्हणून काम अडते, हा समज निम्मा खरा आहे. क्लचसाठी मुख्यतः चार खास वस्तू सांगितल्या जातात: प्लेट मध्यावर आणण्याची दांडी, फ्लायव्हील रोखण्याचे साधन, गिअरबॉक्स उतरवण्याचा जॅक आणि बोल्ट ठरलेल्या जोराने कसण्याचा पाना. या चारही वस्तूंना आपल्या घरात, दुकानात किंवा बाजारात पर्याय आहे.

मध्य साधण्याची दांडी सुताराकडून लाकडाची घडवून घेता येते. तिचे टोक इंजिनाच्या मध्यातल्या छोट्या भोकात बसावे आणि जाड भाग प्लेटच्या दातेरी छिद्रात घट्ट बसावा. सॉकेटच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळून जाडी जुळवली तरी चालते. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच गाडीचा टाकाऊ इनपुट शाफ्ट मिळाला तर त्याहून उत्तम काही नाही. फ्लायव्हील रोखायला जाड पेचकस त्याच्या दात्यांत अडकवावा. गिअरबॉक्स जागेवर सरकवायला दोन लांब बोल्टांची डोकी करवतीने कापून, टोकाला पेचकसाची खाच पाडून ते वरच्या भोकांत तात्पुरते लावावेत. त्यांच्या आधाराने गिअरबॉक्स रुळावर आल्यासारखा सरळ जातो.

आता कसण्याच्या जोराचे. लहान गाडीच्या प्रेशर प्लेटचा ८ मिलिमीटरचा बोल्ट साधारण सव्वादोन किलोग्रॅम-मीटरने कसतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातून पाहावा. हा जोर मोजायला व्यापाऱ्याकडे स्प्रिंगचा काटा असतोच. बोल्टच्या मध्यापासून दांड्यावर ३० सेंटिमीटरवर खूण करावी, तिथे काट्याचा हूक अडकवावा आणि दांड्याशी काटकोनात ओढावे. काटा साडेसात किलो दाखवू लागला की जोर सव्वादोन झाला. हात लहान असेल तर ओढ वाढते: २० सेंटिमीटरला सव्वाअकरा किलो. मीटरमधली लांबी गुणिले किलोमधली ओढ, एवढाच हिशेब. जो माणूस रोज मापून कापड विकतो, त्याला हे शिकवावे लागत नाही.

कामाचा क्रम असा. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी, कारण सेल्फची जाड तार नेहमी जिवंत असते. गिअरबॉक्सचे ऑइल काढावे, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट ओढताच ते अंगावर येते. शाफ्ट सोडण्याआधी त्याच्या जोडावर खडूने खूण करावी. सेल्फ, केबल, गिअरची दांडी, स्पीडोमीटरची तार, दिव्यांच्या वायर एकेक सुटी करावी आणि प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत नाव लिहून ठेवावा. इंजिनाच्या मागच्या बाजूला खालून लाकूड घालून आधार द्यावा, कारण गिअरबॉक्स निघताच ती बाजू लोंबते. गिअरबॉक्स पूर्ण सुटेपर्यंत त्याचे वजन हाताने किंवा दुसऱ्या जॅकने तोलून धरावे. तो प्लेटच्या छिद्रात लटकू दिला तर प्लेट वाकते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सोडावेत आणि बसवतानाही तसेच कसावेत, जसे आपण गाठ बांधताना चारी बाजूंनी दोर सारखा ताणतो. जुनी प्लेट कोणत्या तोंडाने बसली होती, ते काढतानाच लिहून ठेवावे. प्लेटवर ऑइलचा डाग असेल तर नवी प्लेट बसवून उपयोग नाही. आधी इंजिनाचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील बदलावे. फ्लायव्हीलवर भेगा किंवा खोल रेघा असतील तर ते लेथवर न्यावे. दातेरी भागावर ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, लायनिंगला बोटही लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: गिअरबॉक्स बसताना शेवटचे बोटभर अंतर राहिले तर बोल्ट कसून ते ओढू नये. प्लेट मध्यावर आलेली नाही, असा त्याचा अर्थ आहे. जोर केला तर गिअरबॉक्सचा कान मोडतो आणि क्लचचे काम गिअरबॉक्सच्या खर्चावर जाते.

जिथे अक्कल पुरत नाही

हत्याराला पर्याय आहे, आधाराला नाही. गाडीखाली झोपलेल्या माणसावर जॅक सरकणे हा या कामातला खरा धोका आहे आणि तो चुकला तर दुसरी संधी नसते. जॅक हा उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी नव्हे. विटा, पोकळ ब्लॉक, दगडांची उतरंड यावर गाडी कधीही ठेवू नये. वीट सूचना न देता फुटते. पोलादी स्टँड नसतील तर जाड, अखंड लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवावी, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात, आणि खाली शिरण्याआधी गाडी जोराने हलवून पाहावी. आमच्याकडची अंगणे मुरमाची किंवा सारवलेली असतात. पावसाळ्यात अशा जमिनीत जॅक रुततो. फरशी किंवा काँक्रीट नसेल तर पावसाच्या चार महिन्यांत हे काम घरी करूच नये. एकट्याने तर मुळीच करू नये.

धुळीचेही तसेच. पूर्वीच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे आणि जुन्या सामानात ते आजही सापडू शकते. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. काढलेले ऑइल ओढ्यात किंवा विहिरीकाठी ओतू नये. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा, मुरबाडच्या बाजूला बारवी, ही धरणे मुंबई-ठाण्याची तहान भागवतात. आपण ओतलेले ऑइल कोणाच्या तरी घड्यात जाते. ते डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

कापड व्यापाऱ्याचा या कामाशी काय संबंध?

असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. गाडीच्या ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगचा जन्म कापडातूनच झाला. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या माणसाने १८९७ साली फेरोडो ही कंपनी काढली आणि विणलेल्या सुती पट्ट्यांत चिकट द्रव्ये मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवले. अ‍ॅस्बेस्टॉस त्यानंतर आले. आजही क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये काचेच्या धाग्यासोबत तांब्या-पितळेची तार गुंफतात. सूत, वीण आणि झीज यांची पारख असलेल्या माणसाला क्लच परका नाही. परका आहे तो फक्त आपल्या मनातला संकोच, की हात काळे झाले तर शेठपण जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरी काम केले तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, असे काही जण म्हणतात. आपल्या समाजातले कितीतरी तरुण गॅरेजवर कमावतात, तेव्हा हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण आमचा अनुभव असा की, ज्या गिऱ्हाइकाला काम कळते तोच चांगल्या मिस्त्रीची कदर करतो. ज्याला कापडाची पारख नाही तो गिऱ्हाईक पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि पारख असलेला योग्य भाव देऊन जातो, हे आपण रोज गादीवर पाहतो. ज्याने एकदा गिअरबॉक्स छातीवर तोलला आहे, तो मिस्त्रीची मजुरी कापणार नाही. उलट जो मिस्त्री तिन्ही भाग बदला म्हणून सांगतो, त्याच्यावर तो विश्वास ठेवील. शक्य असेल तर पहिले काम मिस्त्रीला घरी बोलावून, त्याला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन, त्याच्या हाताखाली करावे. उस्ताद-शागीर्दाची ही जुनी रीत आहे आणि तिच्यात दोघांचाही फायदा आहे.

या प्रश्नाची एक मोठी बाजूही आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. वाद पुढे अपिलांत गेला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. म्हणजे आपली वस्तू आपण किंवा आपल्या पसंतीच्या माणसाने दुरुस्त करावी, ही मागणी आता सरकारदरबारीही मान्य झाली आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. दुरुस्तीची पुस्तके इंग्रजीत असतात. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, आमचे शेजारी मराठी माध्यमात. चित्रे पाहून आणि मिस्त्रीला विचारून आम्ही निभावले. कंपन्यांनी ही पुस्तके मराठीत का काढू नयेत, हे व्यापारी संघटनांनी विचारायला हवे.

सामान घेतानाही सावध असावे. जुनी प्लेट सोबत नेऊन व्यास मोजावा, मधले दाते मोजावेत, मगच पैसे द्यावेत. नकली माल खोकीच्या रंगावरून ओळखत नाही, मापावरून आणि बिलावरून ओळखतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वी कित्येक भागांवर तो २८ टक्के होता. बिलावर कोणता दर लावला आहे, ते पाहावे. बिलाशिवाय घेतलेली प्लेट महिन्यात गेली तर दुकानदाराला आपण काय दाखवणार?

आमचे म्हणणे

एवढे सगळे लिहून आमचे म्हणणे थोडक्यात असे. गाडी साधी असेल, जमीन पक्की असेल, पेलणारा आधार भक्कम असेल, सोबत जाणता माणूस असेल आणि पुढचा बाजार निदान तीन दिवस दूर असेल, तर क्लच घरी बदलावा. पाचपैकी एक गोष्ट जरी नसेल, तर गाडी गॅरेजला द्यावी आणि बिल निमूटपणे भरावे.

आणि एक सूचना. प्रत्येक घरात जॅक, स्टँड, ठोकळे आणि सॉकेटचा संच असण्याची गरज नाही. एका बाजारात बसणाऱ्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून दोन पोलादी स्टँड, एक ट्रॉली जॅक आणि लाकडाचा एक इनपुट शाफ्ट घेऊन एकाच्या गोदामात ठेवावा. ज्याला लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यावा आणि पुसून परत आणावा. आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना सुटीत या कामाला सोबत घ्यावे. ज्याला गोडी लागेल त्याच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गादी सर्वच मुलांना पुरणार नाही, हे आता आपण सगळे जाणतो. हातातले कसब मात्र वाटले तरी कमी होत नाही. स्टँडची ही सामायिक खरेदी येत्या पावसाळ्याआधी कोणत्या बाजारात प्रथम होते, ते पाहायचे.